उभ्या गाडीचे डिझेल कोणाच्या खिशातून?

मंचरला सकाळी पुणे-नाशिक रस्त्यावर उभे राहिले, की घोडेगावकडे जाणाऱ्या जीपवाल्यांचा पुकारा ऐकू येतो. गाडीत चार माणसे बसलेली. सगळ्या जागा भरेपर्यंत गाडी हलणार नाही, पण इंजिन मात्र चालू. बंद गाडीत कोणी बसत नाही, म्हणून ‘आता निघाली’ असे भासवत ती घुरघुरत ठेवायची. बाजूला अंगावरचे मूल घेतलेली आई धूर गिळत उभी असते.

हा हिशेब आपण घरच्या हिशेबासारखाच मांडू. उभ्या जीपने तासाला अर्धा लीटर डिझेल खाल्ले असे धरू. दर खेपेला वीस मिनिटे, दिवसाला सहा खेपा, म्हणजे दोन तास. रोज एक लीटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंचवीस लीटर. लीटरला दहा किलोमीटर धरले, तरी एवढ्यात अडीचशे किलोमीटर गाडी पळाली असती. हे पैसे आधी चालकाच्या कमाईतून जातात आणि मग भाड्यात चढतात. चालकही आपल्याच वस्तीतला पोरगा असतो, त्याच्या डोक्यावर हप्ता असतो. म्हणून त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

उपाय साधा आहे. गाड्यांनी नंबर लावावा. पहिली भरेल, बाकीच्यांनी इंजिन बंद ठेवावे. पहिलीनेही निघायच्या वेळीच चालू करावे. कित्येक चालक बॅटरी उतरलेली असते म्हणून इंजिन बंद करायला धजत नाहीत. तेव्हा बॅटरी वेळेवर बदलणे हीसुद्धा बचतच. चाकात हवा कमी असली, एअर फिल्टर धुळीने भरला किंवा पाय सतत क्लचवर राहिला, तरी डिझेल जास्त जाते.

एक बचत मात्र कोणी करू नये. पोखरीच्या घाटासारख्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे जिवावर बेतते, कारण ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत जाते. तसेच टपावर आणि मागच्या फळीवर माणसे लादणे ही काटकसर नव्हे.

आता एस.टी.कडे पाहू. साध्या एस.टी.ला लीटरला चार किलोमीटर धरले आणि चव्वेचाळीस जागा भरल्या, तर एक लीटर डिझेल एका माणसाला १७६ किलोमीटर नेण्याइतके काम करते. दहा माणसांच्या भरलेल्या जीपमध्ये तेच काम शंभर किलोमीटरचे होते. पण एस.टी.त दहाच माणसे असतील, तर ते चाळीसवर येते! म्हणजे भरलेली एस.टी. सर्वांत स्वस्त आणि रिकामी एस.टी. सर्वांत महाग. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. तरी कॉलेज सुटायच्या नि कामावर जायच्या वेळी गाडी नसेल, तर सवलत असूनही आपली माणसे जीपच्याच दारात उभी राहतात. २०२१-२२ च्या संपात तर एस.टी. कित्येक महिने बंद होती, तेव्हा जीपवाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून आम्हाला सुचवावेसे वाटते, की गावातल्या महिला मंडळाने आणि तरुणांनी एकत्र बसून आपल्याला कोणत्या वेळी किती माणसांसाठी गाडी हवी, याची यादी करावी आणि ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगारप्रमुखांना द्यावी. तोंडी तक्रारीपेक्षा आकडे असलेला कागद अधिक बोलतो.

आपल्याकडूनही थोडे व्हावे. प्रत्येकाने आपापल्या दारासमोर हात दाखवला, तर दर पन्नास पावलांवर गाडी थांबते आणि प्रत्येक वेळी पुन्हा वेग घ्यायला डिझेल जाळते. एका थांब्यावर जमावे, सुटे पैसे हातात ठेवावे. आणि गाडी उभी असली, की बसता बसता म्हणावे, “दादा, निघेपर्यंत बंद करा की!” एकट्याचे कोणी ऐकणार नाही. पाच जणींनी रोज म्हटले, तर ऐकावेच लागेल.