कब्जा करणारा आपला असला की...

गेल्या महिन्यात भूगोलाचे सर रजेवर होते म्हणून सातवीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, भूगोल माझा विषय नाही. वेळ जावा म्हणून आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर लावला आणि मुलांना एकेक देश ओळखायला सांगितले. एक मुलगी पुढे आली, मोरोक्कोच्या खाली बोट ठेवून म्हणाली, "टीचर, बाकी सब लकीरें पक्की हैं, ये एकच टूटी-टूटी क्यूं है?" मी म्हणाले, तो पश्चिम सहारा, वादग्रस्त प्रदेश आहे. मुलीने मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगितला तर एक सहकारी हसून म्हणाले, "आपा, छोडो ना. दोनों तरफ अपनेच लोगां हैं."

आजचा लेख या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहिते आहे. ते वाक्य त्या एकट्या सहकाऱ्याचे नाही. ते तुमचे आहे, माझे आहे, आपल्या सगळ्या समाजाचे आहे. मी वर्गात 'वादग्रस्त' म्हणून मोकळी झाले, तेव्हा मीही तेच बोलले होते, फक्त शुद्ध मराठीत.

आधी जमीन समजून घेऊ. पश्चिम सहारा सुमारे २ लाख ६६ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडा लहान. बारमाही नदी एकही नाही. सगिया अल-हमरा नावाची मोठी नदी नकाशात दिसते, पण तिचे पात्र बहुतेक काळ कोरडे असते. शेतीयोग्य जमीन जवळजवळ नाहीच. लोक परंपरेने भटके, उंट-शेळ्या राखणारे, हस्सानिया अरबी बोलणारे, सुन्नी मुसलमान. स्पेनने १९७४ मध्ये शिरगणती केली तेव्हा सहरावी लोकांची संख्या ७४ हजारांच्या आसपास भरली. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त माणसे राहतात.

मग अशा ओसाड वाळवंटासाठी पन्नास वर्षे भांडण कशाला? इथेच आपली फसवणूक होते. वाळवंट म्हटले की आपल्याला वाटते, तिथे काही नाही. आणि जिथे काही नाही, तिथे लुटायला काय असणार?

प्रत्यक्षात तिथे भरपूर आहे. १९४७ मध्ये बू क्रा इथे फॉस्फेटचा उत्तम खडक सापडला आणि १९७२ मध्ये स्पेनने खाण सुरू केली. तिथून समुद्रापर्यंत सुमारे १०० किलोमीटर लांबीचा सरकता पट्टा टाकला. वाळवंटातून रात्रंदिवस दगड वाहून नेणारा हा पट्टा जगात सर्वांत लांब मानला जातो. किनारा १,१०० किलोमीटरचा. तिथल्या थंड सागरी प्रवाहामुळे खोल पाण्यातली पोषक द्रव्ये वर येतात, म्हणून तो समुद्र जगातल्या सर्वांत मासळीसंपन्न पाण्यांपैकी एक आहे. दाखला शहराजवळ ऑक्टोपस पकडला जातो, सार्डिनच्या कारखान्यांतून माल बाहेर जातो. त्याच दाखलाच्या वाळवंटात हरितगृहे उभारून युरोपच्या बाजारासाठी टोमॅटो आणि खरबूज पिकवतात. पाणी जमिनीखालचे, हजारो वर्षांपूर्वी साठलेले आणि पुन्हा न भरणारे. आता पवनचक्क्याही आल्या. बू क्राच्या खाणीला लागणारी बरीचशी वीज वाऱ्यापासून मिळते. म्हणजे जमीन, पाणी, समुद्र आणि वारा, चारही गोष्टी विकल्या जात आहेत. फक्त ज्यांची जमीन आहे, त्यांना कुणी विचारलेले नाही.

आता कब्जा झाला कसा ते पाहा. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले. मोरोक्कोच्या सुलतानाशी काही टोळ्यांचे निष्ठेचे नाते होते, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्यामुळे या भूमीवर मोरोक्कोची सत्ता सिद्ध होत नाही, लोकांचा स्वनिर्णयाचा हक्क कायम आहे, असे स्पष्ट सांगितले. राजे हसन दुसरे यांनी या निकालातला सोयीचा अर्धा भाग उचलला आणि ६ नोव्हेंबरला साडेतीन लाख नागरिकांचा मोर्चा सीमेपार पाठवला. नाव दिले 'अल-मसीरा अल-खद्रा', हिरवा मोर्चा. हिरवा रंग इस्लामचा. लोकांच्या हातात कुरआन होते.

हे वाक्य पुन्हा वाचा. हातात कुरआन घेऊन मुसलमान दुसऱ्या मुसलमानाच्या जमिनीत शिरले. त्याआधीच मोरोक्कोचे सैन्य पूर्वेकडून आत आले होते. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये करार झाला. स्पेनने हा प्रदेश मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या हवाली केला आणि फॉस्फेटच्या कंपनीतला ३५ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवून घेतला. त्या टेबलावर सहरावी माणूस एकही नव्हता. विमानातून बॉम्ब पडू लागले, तेव्हा हजारो बायका-मुले पायी आणि उंटांवरून अल्जीरियातल्या तिंदूफकडे पळाली. मॉरिटानियाने १९७९ मध्ये हात काढून घेतला, तर तो भागही मोरोक्कोने गिळला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आपल्या ठरावात 'कब्जा' हाच शब्द वापरला. मी वर्गात वापरलेला 'वादग्रस्त' नव्हे.

तिंदूफच्या छावण्यांत आज पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहतात. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस कोसळला आणि मातीची घरे विरघळून गेली. छावण्यांची नावे ऐका: अल-अयून, स्मारा, दाखला, औसर्द, बुजदूर. ही सगळी त्यांच्या सुटलेल्या गावांची नावे आहेत. तिथे जन्मलेल्या तिसऱ्या पिढीतले मूल 'मी दाखलाचा' म्हणते, तेव्हा त्याने दाखला पाहिलेले नसते, समुद्रही पाहिलेला नसतो.

आणि मधे भिंत आहे. १९८० ते १९८७ या काळात मोरोक्कोने वाळू-दगडांचा २,७०० किलोमीटरचा बांध घातला आणि त्याला लागून लाखो सुरुंग पेरले. पश्चिमेला खाण, बंदरे, मासळी मोरोक्कोकडे. पूर्वेला उरलेली कोरडी पट्टी सहरावींकडे. वेस्ट बँकेतली भिंत सुमारे ७०० किलोमीटरची आखलेली. तिचा फोटो आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कधी ना कधी आला आहे. जवळजवळ चौपट लांबीच्या या भिंतीचा फोटो तुम्हाला कुणी पाठवला होता का?

मला कुणी म्हणेल, फिलिस्तीनच्या दुःखाशी याची बरोबरी करू नका. मी दुःखाची बरोबरी करत नाही. मी आपल्या मौनाचा हिशेब मागते आहे. गाझासाठी रडताना आपण म्हणतो, हा मजहबचा प्रश्न नाही, इन्सानियतचा आहे. मग इन्सानियत तिंदूफच्या वाटेवर कुठे अडते? तिथे कब्जा करणारा कलमा पढणारा आहे म्हणून? तसे असेल तर आपल्या विरोधकांचा आरोप खरा ठरतो, की आम्हाला जुल्माशी नव्हे, जालिमच्या नावाशी देणेघेणे आहे.

आणि ज्यांच्या भरवशावर आपण गप्प बसतो, त्यांनी काय केले? १९६९ मध्ये मस्जिद-ए-अक्साला आग लावली गेली, त्यानंतर मुस्लिम देशांची परिषद मोरोक्कोच्या राजधानीत, रबातमध्ये भरली. त्यातून इस्लामी देशांची संघटना उभी राहिली. तिच्या अल-कुद्स समितीचे अध्यक्षपद १९७९ पासून मोरोक्कोच्या राजाकडे आहे. अल-कुद्सचा हाच रखवालदार १० डिसेंबर २०२० रोजी काय करून बसला? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पश्चिम सहारावर मोरोक्कोची मालकी मान्य केली आणि त्याच सौद्यात मोरोक्कोने इस्रायलशी संबंध जोडले. २०२३ मध्ये इस्रायलनेही ती मालकी मान्य केली. म्हणजे एका कब्जाने दुसऱ्या कब्जाची पावती फाडली. 'हे आपसातले भांडण आहे' म्हणणाऱ्यांनी हा व्यवहार नीट वाचावा. सहरावींचा हक्क आणि फिलिस्तिनींचा हक्क एकाच तराजूत घालून विकले गेले. आपण त्यातल्या एकाचेच नाव घेतो.

काही आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, हे सगळे अल्जीरियाचे राजकारण आहे. अल्जीरियाचा स्वार्थ आहेच. मोरोक्कोशी त्याचे जुने वैर आहे आणि पोलिसारियो संघटनेला तो शस्त्रे आणि आश्रय देतो. पोलिसारियोही काही फरिश्त्यांची जमात नाही. छावण्यांत एकाच संघटनेची सत्ता आहे आणि तिच्या विरोधात बोलणे सोपे नाही. पण शेजाऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून घरमालकाचा हक्क बुडतो, हे कुठले गणित? आपल्या स्वातंत्र्यलढ्याला मदत करणाऱ्यांतही सगळेच साधुसंत नव्हते.

दुसरा आक्षेप विकासाचा. मोरोक्कोने रस्ते बांधले, बंदरे बांधली, शहरे वसवली. बांधली ना. इंग्रजांनी आपल्याकडे रेल्वे बांधली होती. दादाभाई नौरोजींनी तेव्हाच विचारले होते की माल कुठून कुठे जातो आणि पैसा कुठे जातो. बू क्राच्या पट्ट्याला हाच प्रश्न विचारा. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे कायदेविषयक प्रमुख हान्स कोरेल यांनी मत दिले की तिथल्या लोकांचे हित आणि इच्छा डावलून संपत्ती काढली तर तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरेल. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने मोरोक्कोबरोबरचे शेतमालाचे आणि मासेमारीचे करार या प्रदेशापुरते बेकायदा ठरवले, कारण सहरावी लोकांची संमती घेतलेली नव्हती. मुसलमानांच्या हक्काची गोष्ट लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांनी बोलावी आणि आपल्या संघटनांनी साधे पत्रकही काढू नये, याची मला शरम वाटते.

तिसरा आक्षेप, सार्वमत घेऊन टाका, भांडण मिटेल. तेच तर ठरले होते! ६ सप्टेंबर १९९१ रोजी युद्धबंदी झाली, जानेवारी १९९२ मध्ये मतदान व्हायचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मिशनच्या नावातच 'सार्वमत' हा शब्द आहे. मतदार यादीवरून वर्षे गेली. अखेर २००० च्या सुरुवातीला ८६ हजारांच्या आसपास नावे निश्चित झाली, तर सव्वा लाखाहून अधिक अपिले दाखल झाली आणि मतदान बारगळले. आज तिथे बाहेरून आणून वसवलेले लोक मूळ रहिवाशांहून जास्त आहेत. आता स्वायत्ततेवर समाधान माना, असे मोठे देश सांगतात. स्वायत्तता वाईट असेलच असे नाही. पण ती लोकांनी निवडायची असते, त्यांच्या गळ्यात बांधायची नसते.

आता घरचे बोलू. भारताने १९८५ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती. २००० मध्ये ती काढून घेतली. आपल्या शेतात जे डीएपी पडते, त्याला फॉस्फेट लागते आणि आपल्या जमिनीत ते फार थोडे आहे. मोरोक्को हा आपला मोठा पुरवठादार. त्याच्या सरकारी कंपनीची ओडिशातल्या पारादीपच्या खत कारखान्यात भागीदारी आहे आणि बू क्राचा खडकही भारताच्या किनाऱ्याला लागत आला आहे. शेतकऱ्याने खत घेऊ नये, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याला गोणीसाठी पहाटेपासून रांगेत उभे राहावे लागते, त्याच्या डोक्यावर हा बोजा टाकणे हरामखोरी होईल. पण खडक विकत घेताना तो कुणाच्या जमिनीतला आहे, हे सरकारला विचारता येते. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आपल्या बंदरात न्यूझीलंडला निघालेले असेच एक जहाज अडवले. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने त्यातले फॉस्फेट सहरावींच्या मालकीचे ठरवले. म्हणजे विचारता येते. विचारायची नियत लागते.

सूरह निसामध्ये अल्लाहने न्यायावर ठाम राहायला सांगितले आहे, मग साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. प्यारे नबींनी भाऊ जालिम असला तरी त्याची मदत करायला सांगितले. सहाबांनी विचारले, जालिमची मदत कशी करायची? उत्तर मिळाले, त्याचा हात धरून. हे दोन्ही दाखले आपण जलशांत ऐकतो, सुब्हानअल्लाह म्हणतो आणि घरी येतो. मोरोक्को आपला भाऊ असेल, तर त्याचा हात धरणे हे आपलेच काम आहे. भाऊ नसेल, तर त्याच्यासाठी गप्प बसायचे कारणच उरत नाही.

अमीनतू हैदर नावाची सहरावी बाई २००९ मध्ये परतली, तेव्हा विमानतळावरच्या फॉर्मवर तिने स्वतःला मोरोक्कन लिहायला नकार दिला. तिचा पासपोर्ट काढून घेऊन तिला स्पेनच्या बेटावर पाठवून दिले. तिथल्या विमानतळावर तिने ३२ दिवस उपोषण केले, तेव्हा कुठे तिला आपल्या मुलांकडे घरी जाता आले. फॉर्मवरच्या एका रकान्यासाठी ती जीव द्यायला तयार झाली, आणि मी सातवीच्या वर्गात एका शब्दात तिचा देश उरकून टाकला.

सोमवारी मराठीच्या तासाला मी तो नकाशा पुन्हा लावला. त्या मुलीला उभी केली आणि म्हणाले, "बेटा, त्या दिवशी मी तुला अर्धे उत्तर दिले होते. ती रेघ तुटक आहे, कारण तिथल्या लोकांना अजून कुणी विचारलेच नाही." तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "तो कोई पूछता क्यूं नहीं?"

स्टाफरूममधल्या माझ्या सहकाऱ्याने याचे उत्तर द्यावे. आणि तुम्हीही.