सरासरीचे फुप्फुस

बँकेत पस्तीस वर्षे काढली की माणसाला सरासरीची सवय लागते. शाखेतील खात्यांची सरासरी शिल्लक कळवली की वरचे साहेब खूश. पण नेमकी तेवढीच शिल्लक असलेला खातेदार मला काउंटरवर कधी भेटला नाही. हे आठवले ते कुत्र्याच्या फुप्फुसाविषयी वाचताना.

श्वासनलिका म्हणजे उलटे झाड. बुंधा घशाकडे, फांद्या खाली. स्विस शास्त्रज्ञ एवाल्ड वायबेल यांनी १९६३ मध्ये माणसाच्या फुप्फुसाचा नमुना मांडला. त्यात प्रत्येक नळीच्या दोन सारख्या नळ्या होतात आणि असे तेवीस वेळा घडते. शेवटी फांद्या भरतात ८३ लाखांवर! त्यांनी असमान फांद्यांचा दुसरा नमुनाही दिला होता. पण लोकप्रिय झाला तो सोपाच.

कुत्रा या हिशेबात बसत नाही. माणसाचे झाड आंब्यासारखे दुभंगत जाते, तर कुत्र्याचे सुरूसारखे असते. मुख्य नळी सरळ खाली उतरते आणि तिला बाजूने बारीक फांद्या फुटत जातात. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधल्या लव्हलेस संस्थेने १९७६ मध्ये माणूस, कुत्रा, उंदीर आणि हॅमस्टर यांच्या श्वासनलिकांची मोजमापे प्रसिद्ध केली. मृत फुप्फुसात सिलिकॉन रबर भरून ठसा काढायचा आणि एकेका नळीची लांबी, व्यास, कोन मोजायचा, असे ते चिकाटीचे काम. पुढे १९८२ मध्ये कीथ हॉर्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या श्वासनलिकांचा असमान नमुनाच मांडला.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असे कुणी विचारील. साधा हिशेब पाहा. दोन नळ्या, त्रिज्या १ आणि ३, सरासरी २. हवा संथ वाहत असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. लांबी आणि दाब तेच ठेवले, तर असमान जोडीतून ८२ भाग हवा जाते, सरासरीच्या जोडीतून फक्त ३२. सरासरी बरोबर, उत्तर साफ चूक!

आणि हा नुसता गणिताचा खेळ नव्हे. याच लव्हलेस संस्थेत बीगल जातीच्या कुत्र्यांना किरणोत्सारी कण हुंगवले गेले, ते माणसाला धोका किती हे कळावे म्हणून. कण कुठे आदळणार, कुठे साचणार, हे नळीच्या रुंदीवर आणि फाट्याच्या कोनावर अवलंबून असते. म्हणजे कुत्र्यावरचा आकडा माणसाला लावण्याआधी दोघांची झाडे वेगळी आहेत, हे मांडावेच लागते.

वर्गात शिकवायला सोपा नमुना पुरतो. पण जिथे त्यावरून कुणाच्या श्वासाची सुरक्षित मर्यादा ठरणार, तिथे सोयीसाठी फांद्या सारख्या करणे हा माझ्या मते खोटा ताळेबंद आहे. त्या मुक्या जनावरांनी आमच्यासाठी जीव दिला. त्यांचे फुप्फुस जसे होते तसे लिहून ठेवणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.