प्रवासी जनुके, मुक्कामी तपासणी

ऑगस्ट २०१० मध्ये ‘एनडीएम-१’ हे नाव भारतीय वृत्तपत्रांत झळकले आणि देशभर संताप उसळला. नावातील पहिली दोन अक्षरे ‘न्यू दिल्ली’ची होती. परदेशी रुग्णांनी भारतात उपचारांसाठी येऊ नये म्हणून रचलेला हा कट आहे, इथपर्यंत आरोप झाले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता, कारण शहराच्या माथी रोग मारणे कोणालाही रुचत नाही. परंतु प्रतिरोधक विकरांना शहरांची नावे देण्याची प्रथा त्याआधीपासूनच होती. इटलीतील व्हेरोना आणि ब्राझीलमधील साव पावलो यांच्याही वाट्याला असे विकर आलेले होते. शिवाय जी बातमी परकीय म्हणून नाकारली जात होती, ती मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात भारतीय नियतकालिकातच छापली होती. त्यांनी तपासलेल्या कार्बापेनेम-प्रतिरोधक जिवाणूंच्या २४ नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत हे विकर आढळले होते. ऑगस्टमधील गाजलेल्या शोधनिबंधाचा पहिला लेखकही चेन्नईत काम करणारा तरुण संशोधक होता.

नावाच्या या वादात मूळ प्रश्न हरवला. हे जनुक कोठे सापडले, यापेक्षा ते कोणत्या वाहनातून प्रवास करते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे आणि देशातील तपासणीची व्यवस्था त्याचे उत्तर देण्यास पुरेशी सज्ज नाही.

प्राण्यांत आणि माणसांत जनुके मुख्यतः आईबापांकडून लेकरांकडे जातात. जिवाणूंमध्ये ती शेजाऱ्याकडूनही मिळतात. जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टॅटम यांनी १९४६ मध्ये जिवाणूंमधील ही देवघेव दाखवून दिली. मूळ गुणसूत्राबाहेर राहणाऱ्या डीएनएला ‘प्लास्मिड’ हे नावही लेडरबर्ग यांनीच १९५२ मध्ये दिले. जीनोममध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारणारे डीएनएचे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी त्याआधीच मक्यात ओळखले होते. जिवाणूंमध्येही असे तुकडे असतात, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. त्यांतील सर्वांत साधा प्रकार म्हणजे निवेशन-क्रम. त्याची लांबी साधारण ७०० ते २,५०० अक्षरे. असे दोन क्रम एखाद्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना बसले की मधले जनुकही त्यांच्यासोबत उड्या मारू लागते. त्या जोडगोळीला ट्रान्स्पोझॉन म्हणतात. ट्रान्स्पोझॉन प्लास्मिडवर चढते, प्लास्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात शिरते आणि जिवाणू माणसाच्या आतड्यातून गटारात, गटारातून नदीत पोहोचतो. पेटीत पेटी, तिच्या आत आणखी एक पेटी, अशी ही रचना आहे आणि यांतील प्रत्येक पेटी स्वतंत्रपणे प्रवास करू शकते.

एनडीएम-१ चे चरित्र या रचनेचा उत्तम नमुना आहे. हे विकर जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके फोडते. ही औषधे इतर उपाय थकल्यावर वापरण्यासाठी राखून ठेवलेली असतात. त्याच्या जनुकाची बारकाईने छाननी केल्यावर २०१२ मध्ये असे दिसून आले की ते मुळात दोन जनुकांचा सांधा आहे. प्रथिनाची पहिली सहा अमिनो आम्ले एका वेगळ्याच प्रतिरोधक जनुकाकडून आलेली आहेत. हा सांधा बहुधा ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूत जुळला. जनुकाच्या अलीकडे एक निवेशन-क्रम बसलेला आहे. जनुक चालू करणाऱ्या कळीचा एक भाग त्यानेच पुरवला आहे. म्हणजे या क्रमाने जनुकाला वाहनही दिले आणि ते वाजते राहील याची तजवीजही केली.

असा अनुभव भारताला नवा नव्हता. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये पटकीची एक अनोळखी साथ उद्भवली. रोगाची लक्षणे पटकीचीच होती, परंतु जिवाणू नेहमीच्या ओ-१ गटातील नव्हता. त्याच्या पृष्ठभागावरील शर्करेची जनुकेच बदलली होती. त्यामुळे जुन्या साथींतून प्रतिकारशक्ती मिळवलेल्या प्रौढांनाही त्याने गाठले. ही साथ कोलकाता आणि बांगलादेशपर्यंत पोहोचली. पुढे या जिवाणूला ओ-१३९ असे नाव मिळाले. त्याच्या जीनोममध्ये सुमारे एक लाख अक्षरांचा एक फिरता घटक सापडला. ‘एसएक्सटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटकावर एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके होती.

या घटकाविषयी २००४ मध्ये जे सिद्ध झाले, ते प्रत्येक औषधविक्रेत्याने आणि डॉक्टरने लक्षात ठेवावे असे आहे. एसएक्सटी एरवी जिवाणूच्या गुणसूत्रात मुकाट बसून असतो. जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की पेशीत धोक्याची घंटा वाजते आणि त्या घंटेसरशी हा घटक सुटून शेजारच्या जिवाणूकडे निघतो. सिप्रोफ्लोक्सासिन हे सर्वपरिचित प्रतिजैविक नेमकी अशीच इजा करते. अनावश्यक गोळीमुळे प्रतिरोधक जिवाणूंची निवड होते, हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु काही वेळा तीच गोळी प्रतिरोधाच्या प्रवासालाही चालना देते, ही गोष्ट त्याहून गंभीर आहे.

देशातील विद्यमान तपासणी या प्रवासाकडे कशी पाहते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून प्रतिरोध-निरीक्षणाचे जाळे उभारले आहे आणि त्याचे अहवाल मोलाचे आहेत. परंतु अशा अहवालांचा गाभा टक्केवारीचा असतो. अमुक जिवाणूचे इतके टक्के नमुने अमुक औषधाला दाद देत नाहीत, एवढे त्यातून कळते. समजा, दोन रुग्णालयांत ही टक्केवारी अगदी सारखी आहे. पहिल्यात एकच वाण खाटेवरून खाटेवर पसरतो आहे. दुसऱ्यात एकच प्लास्मिड निरनिराळ्या जातींच्या जिवाणूंत शिरते आहे. पहिल्या ठिकाणी संसर्गाचा सामाईक स्रोत शोधून तो बंद करावा लागेल. दुसऱ्या ठिकाणी साथ आहे हेच कोणाच्या ध्यानात येणार नाही, कारण जिवाणू वेगळे, आजार वेगळे आणि रुग्णांचे विभागही वेगळे. आकडा एकच, पण उपाय भिन्न. टक्केवारी हा भेद दाखवू शकत नाही.

जीनोमचे वाचन हा भेद दाखवू शकते, मात्र ते योग्य पद्धतीने व्हायला हवे. प्रचलित स्वस्त पद्धतीत डीएनएचे दीडशे ते तीनशे अक्षरांचे तुकडे वाचले जातात आणि संगणक ते जुळवतो. अडचण येते ती फिरत्या घटकांपाशीच, कारण त्यांच्या अनेक हुबेहूब प्रती जीनोममध्ये विखुरलेल्या असतात. भजनाच्या वहीच्या बारीक चिंध्या केल्या आणि एका चिंधीवर फक्त पालुपद आले, तर ती कोणत्या कडव्यामागची हे सांगता येत नाही. तसेच येथे घडते. प्रतिरोधक जनुक आहे हे कळते, पण ते गुणसूत्रावर आहे की प्लास्मिडवर, आणि कोणत्या प्लास्मिडवर, हे निसटते. हजारो अक्षरे सलग वाचणारी तंत्रे ही कोंडी फोडतात, कारण त्यांच्या एकाच तुकड्यात पालुपदासह मागचेपुढचे कडवेही येते. प्रत्येक नमुना असा वाचण्याची गरज नाही. जेथे एकच जनुक एकाहून अधिक जातींत दिसू लागले आहे, तेथील निवडक नमुने नियमितपणे वाचले तरी चित्र पालटेल.

दुसरी मर्यादा प्रशासकीय आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील साचलेल्या व पाझरलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी दोन नमुन्यांत एनडीएम-१ चे जनुक सापडले होते. ज्या जिवाणूंत ते तोवर आढळले नव्हते, अशांमध्येही ते दिसले आणि त्यांत पटकीचा जिवाणूही होता. प्लास्मिडचे हस्तांतरण ३० अंश सेल्सियसला अधिक होत होते. भारतातील बऱ्याच भागांत वर्षातील बराच काळ एवढे तापमान असतेच. गटार, गोठा आणि अतिदक्षता विभाग ही जनुकाच्या दृष्टीने एकाच रस्त्यावरची ठिकाणे आहेत. शासनाच्या दृष्टीने मात्र ती तीन वेगवेगळ्या खात्यांची हद्द आहे. २०१७ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात हे एकत्व मान्य केले गेले. २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घालून सरकारने योग्य पाऊलही उचलले. परंतु रुग्णालयातील, पशुपालनातील आणि सांडपाण्यातील प्लास्मिडे एकमेकांशी ताडून पाहण्याची नित्याची सोय झाल्याखेरीज ते एकत्व कागदावरच राहील.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. जेथे हात धुवायला पाणी नाही आणि सांडपाणी उघड्यावरून वाहते, तेथे जीनोम वाचण्याची चैन कशासाठी? वाचनाने गटार स्वच्छ होत नाही, हे खरेच आहे. स्वच्छता, लसीकरण आणि औषधांचा संयमित वापर यांना पर्याय नाही. परंतु केलेल्या उपायांपैकी कोणत्या उपायाने जनुकाची वाट खरोखर अडली, हे वाट माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही. मर्यादित निधी असलेल्या देशाला तर आंधळा खर्च अधिकच महाग पडतो. क्षमता नाही, असेही म्हणता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये करोना विषाणूच्या जीनोम-वाचनासाठी ‘इन्साकॉग’ हा प्रयोगशाळांचा संघ उभा राहिला. त्या विषाणूचा जीनोम सुमारे ३० हजार अक्षरांचा आहे, तर रुग्णालयांत आढळणाऱ्या अनेक जिवाणूंचा सुमारे ५० लाखांचा. काम अवघड आहे, पण त्याची सवय देशातील प्रयोगशाळांना एकदा लागलेली आहे आणि ती मोडू देणे शहाणपणाचे नाही.

दुसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण २०१० पासून तो दबा धरून बसला आहे. माहिती खुली केली तर बदनामी होईल, ही ती भीती. प्रत्यक्षात माहिती दडवल्याने जनुक थांबत नाही. फक्त त्याची बातमी दुसऱ्याच देशातून येते. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये पटकीच्या विषाचे अस्तित्व सिद्ध केले. त्यांचे मोल देशाला फार उशिरा कळले, मात्र लेडरबर्ग यांनी नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले होते. ज्या विषाचा डे यांनी माग काढला, त्याचे जनुक मुळात एका विषाणूने पटकीच्या जिवाणूत आणून सोडलेले आहे, हे १९९६ मध्ये उघड झाले. फिरत्या डीएनएच्या या कथेतील महत्त्वाचे पुरावे असे याच भूमीत, याच पाण्यात सापडलेले आहेत.

विद्यार्थ्यांसाठी यात एक निमंत्रणही आहे. पालुपदाच्या चिंध्या जुळवण्याचे काम जितके जीवशास्त्राचे, तितकेच गणिताचे, संगणकशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे आहे. जीनोमची बरीच माहिती जगभर खुली आहे आणि ती अभ्यासण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. जनुकाच्या नावात कोणते शहर आहे यावर देशाने पुरेसे भांडून घेतले आहे. ते जनुक आज कोणत्या प्लास्मिडवर बसून कोणत्या शहराकडे निघाले आहे, हे शोधणाऱ्यांची देशाला आता अधिक गरज आहे.