जुनी क्रूझर घेताय? आधी नवीचा भाव बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३४९ सीसीची रॉयल एनफिल्ड मिटिऑर त्यात बसते. त्यामुळे विकणारा जुनं बिल दाखवत असेल, तर घासाघीस आजच्या ऑन-रोड किमतीवरून करा.

सफाळे-केळवे पट्ट्यात खारी हवा क्रोम खाते. सायलेन्सर, चॅसी, सीटखालचा भाग गंजलाय का, तपासा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या.

फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर कराच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात (२०१८) सुप्रीम कोर्टाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच ठेवली. म्हणजे ‘नाव नंतर बदलू’ हे विकणाऱ्यालाही महागात पडतं.