नकाशाच्या टोकावरचे चौक

महानगराचा नकाशा हे केवळ रेषांचे चित्र नव्हे. रस्ता कोठे जावा, पाणी कोणाला मिळावे, कचरा कोठे टाकावा, याचे निर्णय त्यावर बेतलेले असतात. म्हणूनच नकाशात काय दाखविले आहे याइतकेच काय वगळले आहे, हेही पाहणे अगत्याचे ठरते. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकावरील चौक हे कोळ्यांचे गाव याचे बोलके उदाहरण आहे.

मीरा-भाईंदर येथे १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाली. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. ही वाढ प्रामुख्याने पश्चिम रेल्वेच्या दोन स्थानकांभोवती झाली. मुंबईत नोकरीस जाणाऱ्यांची ही घरे. साहजिकच नियोजकाची दृष्टी रुळांवरून निघाली. त्या दृष्टीला भाईंदरहून मुर्धे, राई, उत्तन ओलांडून आलेला रस्ता चौकला संपलेला दिसतो, आणि रस्ता संपला की पुढे मोकळी जागा, असा समज होतो.

या समजाची किंमत किनाऱ्यावरील गावांनी मोजली आहे. शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर गेला. त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने शेते व विहिरी बिघडल्याची तक्रार ग्रामस्थ वर्षानुवर्षे करीत आले. मेट्रो ९ ची राई-मुर्ध्याला योजलेली कारशेड तेथील विरोधानंतर डोंगरीला नेण्याचे ठरले, आणि २०२५ मध्ये तेथील झाडांवरून नवा वाद उभा राहिला.

समुद्राकडून पाहिले तर हेच चौक वसईच्या खाडीचे मुख आहे. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी धारावीचा किल्ला घेतला तो याच स्थानमाहात्म्यामुळे. आजही कोळ्यांची ये-जा स्थानकाकडे नव्हे, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून पाण्याकडे होते. होड्या ओढून ठेवण्याची वाळू, जाळी विणण्याची सावली, बोंबील वाळविण्याचे बांबूचे मांडव येथे कोणी राहत नाही; पण अर्थशास्त्राच्या भाषेत ही उत्पादनाची साधने आहेत. कारखान्याच्या आवाराला कोणी पडीक जमीन म्हणत नाही.

आठ लाखांच्या सोयीसाठी काही हजारांनी थोडे सोसावे, असा युक्तिवाद केला जातो. शहराला कचराभूमी व मेट्रो हवी, यात शंका नाही. तथापि, त्यागाचे मोजमाप करण्यापूर्वी त्यागात काय जाते याची नोंद तरी हवी. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मासेमारी गावे, धक्के व मासळी वाळविण्याच्या जागा मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर दाखवाव्यात, असे सांगितले होते. ही नोंद ग्रामस्थांना सोबत घेऊन, प्रत्यक्ष किनाऱ्यावर फिरून झाली पाहिजे.

याला आता विलंब परवडणारा नाही. उत्तन-विरार सागरी सेतूची योजना पुढे आली आहे आणि २०२७ च्या जनगणनेत नवी शिरगणती व्हायची आहे. ती शिरगणती माणसे त्यांच्या घरी मोजील. समुद्रावर चालणारे त्यांचे काम मोजणार नाही. सेतूची रेषा आखण्याआधी ते काम नकाशावर आले नाही, तर पुढे भरपाईच्या वेळी गमावलेल्या जागेचा पुरावा कोळ्यांकडेच मागितला जाईल.