खून, हत्या आणि वध



परवा आचऱ्याला काजूच्या मोहोरावरील ढेकण्या पाहावयास गेलो होतो. कलमाखाली उभा असता घरधन्याची बारावीतील मुलगी वही घेऊन आली. इंग्रजी उताऱ्यात गांधीजींविषयी 'अ‍ॅसॅसिनेट' हे क्रियापद आले होते. "काका, मारणे म्हणजे 'किल' ना? मग हा दुसरा शब्द कशाला?" तिचे वडील हसले, "मेलो तो मेलो, शब्दात काय आसा?"

शब्दात बरेच आहे, म्हणून आज फवारणीचे प्रमाण बाजूला ठेवतो.

बांधाच्या भांडणात कोणी कोयता चालवला, तर इंग्रजीत तो 'मर्डर'. 'अ‍ॅसॅसिनेट' म्हणावयास मारला गेलेला माणूस सार्वजनिक जीवनातला मोठा असावा लागतो आणि बेत आधी, बहुधा राजकारणापायी, शिजलेला असावा लागतो. तुमच्या काजूवरही 'अ‍ॅसॅसिन बग' नावाचा मित्रकीटक असतो. तो दबा धरून बसतो आणि ढेकण्याला सोंड खुपसून मारतो. (न बघता औषध मारणाऱ्यांनो, त्या फवाऱ्यात तोही मरतो बरे!)

हे इंग्रजी क्रियापद मारणाऱ्याची बाजू घेत नाही. आपल्याकडे मात्र शब्द निवडला की निवाडाही होऊन जातो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना तोडले. त्याला सगळे खूनच म्हणतात. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा तुम्ही ऐकलीच असेल. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. सरकारदरबारी तो खून, लोकांच्या तोंडी वध. अफझलखानाचाही वधच.

वध म्हटले की आपल्याला दशावतार आठवतो. जत्रेत पहाटेच्या सुमारास दैत्य पडतो आणि बायाबापडी हात जोडतात. मरणारा दुष्ट आणि मारणारा पुण्यवान, हे त्या शब्दात आधीच ठरलेले असते. आता ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ पाहा. दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनेला निघालेल्या ७८ वर्षांच्या निःशस्त्र माणसावर नथुराम गोडसेने समोरून तीन गोळ्या झाडल्या. पुढच्या दिवसांत सातारा-कोल्हापूरकडे ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांची घरे जळाली. आणि तरीही काही जण त्याला 'गांधीवध' म्हणतात! म्हणजे त्या म्हाताऱ्याला दैत्य ठरवून मोकळे. मला तो शब्द ऐकवत नाही.

"मग वहीत काय लिहू?" मुलीने विचारले.

"राजकीय हेतूने, बेत करून हत्या करणे," मी सांगितले.

तिने ते लिहिले. वरच्या ओळीत गाइडातून उतरलेला 'वध करणे' हा अर्थ होता, तो तिने खोडला. वडिलांनी वही हातात घेतली, दोन्ही ओळी वाचल्या आणि काही न बोलता परत दिली. मग आम्ही पुढच्या कलमाकडे गेलो.