लग्नगडी कोण होतो?

आर्थिक विषमतेचे मूळ वर्गात की जातीत? १९७४ मध्ये दलित पँथर दुभंगली, त्यामागेही हाच वाद होता. वर्गवादी समीक्षेच्या मते उत्पादनसंबंध हा पाया आणि जात-जमात हा केवळ वरचा इमला. वसई तालुका ही मांडणी खोटी ठरवतो. १९७६ मध्ये कायद्याने वेठबिगारी रद्द झाली; तरीही १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला तेथील वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढावे लागले. लग्नाच्या कर्जापोटी सावकाराकडे राबणारा तो ‘लग्नगडी’. हे नाते आर्थिकच होते, यात शंका नाही. परंतु कर्जबाजारी इतर शेतकरीही होते; वेठीला धरला गेला तो मुख्यत्वे आदिवासी. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात निव्वळ वर्गलढा वाचणारा समीक्षक ‘वारली’ हा शब्द ‘शेतमजूर’ या शब्दात विरघळवून टाकतो. केवळ अस्मिता वाचणाऱ्याला सावकाराची वही दिसत नाही, हेही खरेच. तथापि वर्ग शोषणाची रीत सांगतो. शोषित कोण, हे जन्म ठरवतो. विषमतेच्या मीमांसेचा आरंभ या दुसऱ्या प्रश्नापासूनच व्हायला हवा.